सहा उत्तरपत्रिकांतली चोरवाट

२२ एप्रिल १९६७, सातारा

उत्तरपत्रिकांचे गाठोडे आज आले. एकशे बारा. लाखेची मोहोर एका कोपऱ्यात तडकलेली होती. पोस्टमन म्हणाला, "उन्हानं झालं असंल, बाई." उन्हाने लाख मऊ होते, तडकत नाही. मोहोर तडकलेलीच मिळाली, असे मी त्याच्याकडून लिहून घेतले. त्याला राग आला. येऊ दे.

सत्तावीस वर्षे कॉलेजात गणित शिकवले आणि निवृत्त होताना भिंतीवरचे एक घड्याळ मिळाले. ते दिवसाला सात मिनिटे मागे पडते. एरवी विद्यापीठाला माझी आठवण होत नाही. पण संमिश्र संख्यांच्या फंक्शनांचा पेपर तपासायला कोणी धजत नाही, तो मात्र न चुकता माझ्या दारात येतो.

ही वही मी गव्हाच्या डब्यामागे ठेवते. काल ती दोन बोटे डावीकडे सरकली होती. घरात मी आणि माझा धाकटा भाऊ चिंतामण, दोघेच. उंदीर वही सरकवत नाहीत.

२५ एप्रिल

सापडले. यंदा काहीतरी सापडणार, हे मला ठाऊकच होते.

प्रश्न चौथा. वर्गमूळ असलेले एक फंक्शन दिले आहे. शून्य बिंदूपाशी त्याची कोशी-रीमान समीकरणे जुळतात, तरी ते तिथे डिफरन्शिएबल नाही, हे दाखवायचे. जुना सापळा. आडव्या अक्षावरून बिंदूकडे या, उत्तर शून्य. उभ्या अक्षावरून या, शून्य. बहुतेक मुले इथेच पेन ठेवतात. तिरप्या रेषेवरून येण्याचे ज्याला सुचते त्यालाच वेगळे उत्तर मिळते आणि फंक्शनचे पितळ उघडे पडते.

सांगली केंद्राच्या ४१२ क्रमांकाच्या पत्रिकेत तिरप्या रेषेआधी हे वाक्य आहे: 'नाऊ वी आर कमिंग बाय थीफ रोड.' थीफ रोड! म्हणजे चोरवाट, शब्दाला शब्द. आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर ब्रिजिटनी हे वाचले असते तर हातावर पट्टी उमटली असती. मी हसून पुढे गेले.

मग ४२३. थीफ रोड.

मग ४३१, ४४०, आणि मागे जाऊन पाहिले तर ४०९. पाच जणांना एकच हास्यास्पद शब्द आपापला सुचत नाही. ही कॉपी आहे.

२६ एप्रिल

जेवताना चिंतामणने विचारले, "अक्का, एवढी खूश का आहेस? कोणी नापास झाले का?"

मी त्याला सोपे करून सांगितले. "समज, अंगणातला हौद हा बिंदू. पूर्वेकडून आलास, उतार लागला नाही. उत्तरेकडून आलास, तरी लागला नाही. काय म्हणशील?"

"अंगण सपाट आहे म्हणेन."

"आणि कोपऱ्यातून तिरपा आलास आणि पाय घसरला तर?"

"तर तुला हाक मारीन."

"आणि कोपऱ्यातून कधी आलासच नाहीस तर?"

"तर अंगण सपाट आहे म्हणत म्हणत मरेन," तो म्हणाला आणि ताक प्याला.

मी पुढे सांगितले की एवढ्यानेही भागत नाही. एका बिंदूपाशी नीट वागले म्हणून फंक्शनला ॲनालिटिक म्हणत नाहीत. त्या बिंदूच्या आसपासही सगळीकडे तसेच वागावे लागते.

"म्हणजे वर्तनाचा दाखला शेजाऱ्यांकडून आणायचा."

"चेष्टा पुरे. पाच जणांनी चोरवाट लिहिले आहे."

"चोरवाट?" त्याने ताकाचे भांडे खाली ठेवले. "अगं, पण हे तर तू..."

मी त्याला गप्प केले. गणितातले त्याला कळत नाही.

२८ एप्रिल

आणखी दोन गोष्टी.

एक: चार पत्रिकांवर पिवळ्या बोटांचे ठसे आहेत, चौथ्या प्रश्नाच्या आसपासच. परीक्षकाला ओळख पटावी म्हणून केलेली खूण! वास घेतला. हळद. चिंतामण म्हणतो, सांगलीच्या पेपरला हळद लागली यात नवल ते काय, तिथे तिचा बाजारच आहे. त्याला कशातच नवल वाटत नाही, म्हणून तर तो हेडक्लार्कच्या पुढे गेला नाही.

दोन: ४१७. त्यातही हाच मार्ग, हेच टप्पे. फक्त 'थीफ रोड'ऐवजी शुद्ध इंग्रजीत 'हिडन पाथ' लिहिले आहे. बाकीचे पाच चेले आणि हा सूत्रधार, हे उघड आहे. अक्षर सुरेख, खाडाखोड नाही. इतके निर्दोष उत्तर त्या केंद्रातून यावे हेच मुळी संशयास्पद.

खरे तर प्रत्येकाने रेषा वेगळी घेतली आहे. कोणी y बरोबर x, कोणी 2x, एकाने 4x, कारण त्याचे वर्गमूळ सरळ निघते. उत्तरेही वेगळी आणि बरोबर. कॉपी लपवण्याची ही धूर्त रीत मी प्रथमच पाहिली.

विद्यापीठाला पत्र लिहिले. चोरवाटेने, म्हणजे रंगुबाईच्या म्हशींच्या गोठ्यामागून, पोस्टात जाऊन टाकले. हमरस्त्याने गेले असते तर निम्म्या साताऱ्याने पत्ता वाचला असता.

४ मे

विद्यापीठाचे उत्तर आले. माझ्या निम्म्या वयाच्या कोणा अधिकाऱ्याने लिहिले आहे की आरोप गंभीर आहे. सिद्ध झाल्यास सहाही उमेदवारांना दोन वर्षे परीक्षेला बसता येणार नाही, तरी निश्चित अहवाल आणि गुण १५ तारखेपर्यंत पाठवावेत. 'निश्चित' या शब्दाखाली रेघ. जणू मी आजवर अनिश्चित अहवाल पाठवत आले.

अहवाल लिहून पाकिटात घातला आहे. पाकीट चिकटवलेले नाही. आधी सांगलीला जाऊन येते.

६ मे, सांगली

एस. टी.ने कऱ्हाड, इस्लामपूर, आष्टा करत सात तासांत हाडे खिळखिळी झाली. आष्ट्याला एक बाई कोंबडी घेऊन शेजारी बसली आणि माझ्या उजव्या कानात सांगलीपर्यंत बोलत राहिली. तो कान पंधरा वर्षे निकामी आहे. मी मान हलवत होते.

लालासाहेब इथल्या केंद्राचे मुख्य पर्यवेक्षक. जुनी ओळख. त्यांनी बैठकीचा नकाशा समोर टाकला.

"बाई, ह्ये बघा. सहा जण तीन खोल्यांत. मधी भिंती. ह्या खोलीत तर मी स्वतः उभा हुतो. कॉपी करायला ह्यांना भिंतीतनं बघता यायला पायजे."

"मग पेपर फुटला असेल."

"फुटला असता तर सहाच जणांना आलं असतं व्हय? माझ्या पुतण्याला नसतं आलं?"

मी नकाशा उलटसुलट करून पुन्हा पाहिला. मग ते म्हणाले, यातले पाच जण कॉलेजच्या वर्गात कमी आणि बनसोडेबाईंकडे जास्त असतात. दर रविवारी सकाळी हळदीच्या एका अडत दुकानाच्या पडवीत ती शिकवते. स्वतः प्राथमिक शाळेत मास्तरीण आहे. ४१७ तीच. बाहेरून बसली होती.

सूत्रधार बाई निघाली. मला आश्चर्य वाटले नाही. उद्या रविवार आहे.

७ मे, सांगली

सगळे आठवते तसे लिहून ठेवते. नंतर कोणी म्हणायला नको की मी बदलले.

अडत बंद होती. मागच्या पडवीत दहाबारा जण पोत्यांवर बसलेले, भिंतीला टेकवलेला फळा, त्याच्या कडांना हळद. सगळ्यांची बोटे पिवळी. आठवडाभर इथे पोती तोलतात आणि रविवारी इथेच बसून शिकतात. ठशांचा खुलासा झाला, असे कोणी म्हणू शकेल.

दारात मला पाहून एका दांडग्या मुलाने दाराशीच खुर्ची मांडली. शिकवणारी बाई तिशीची असेल, सावळी, काठाचे साधे लुगडे. ती क्षणभर थांबली, मग खुर्ची उचलून भिंतीच्या दुसऱ्या टोकाला नेली, पदराने पुसली आणि म्हणाली, "इथं बसा, बाई." सुदैवाने त्यामुळे माझा डावा कान फळ्याकडे आला, नाहीतर इथवर येऊन काही ऐकू आले नसते.

मी सांगितले की माझ्या भाचीसाठी शिकवणीची चौकशी करायला आले आहे. (मला भाची नाही. चौकशीसाठी अशी युक्ती करावी लागते.)

"बसा. बघा कसं शिकवतो ते," ती म्हणाली आणि फळ्याकडे वळली.

फळ्यावर तेच फंक्शन होते. खुर्ची मांडणारा मुलगा, त्याला केरबा म्हणत होते, उभा राहिला. "बाई, दोन्हीकडनं शून्यच आलं की. आता आनी कशाला पाय तुडवायचं?"

"दोन बांधांवरनं चालून आलास म्हंजे अख्खं रान बगून झालं व्हय रं?"

मागून एक जण म्हणाला, "त्येला चालायचा लय कंटाळा, बाई. पोती मातर दोन-दोन उचलतोय."

"बिराप्पा, तू गप. तुझं मागल्या खेपेला चार ठिकाणी चुकलंय." सगळे हसले. मग ती म्हणाली, "आमच्या बाई सांगायच्या ती गोष्ट ऐका. बाई ल्हान हुत्या तवा पाचगणीला कॉन्व्हेंटात हुत्या. मे महिना, डोंगराला करवंदं लागलेली. पुढच्या फाटकाशी एक सिस्टर, मागच्या फाटकाशी एक सिस्टर. सांजच्याला मोठ्या सिस्टरनी इचारलं, कोण भायेर गेलं हुतं का? पुढची म्हणाली, माझ्या फाटकातनं कोण न्हाई. मागची म्हणाली, माझ्यातनं बी न्हाई. दोघीबी खरंच बोलत हुत्या. आन् समोर वीस पोरी उभ्या, समद्यांची त्वांडं करवंदांनी काळी!"

हशा झाला. ती थांबली. बरोबर जिथे थांबायला हवे तिथेच. मग हलक्या आवाजात म्हणाली, "कुंपणातनं चोरवाट हुती. फाटकं दोन असली म्हणून वाटा दोनच असत्यात असं धरू नका."

ती मुलगी मी. ती करवंदे मी खाल्ली. ही गोष्ट मी एका वर्षी एकाच वर्गाला, तास संपत आला म्हणून, सांगितली होती. माझ्या टिपणांत ती नाही. कुठेच नाही. ते थांबणेसुद्धा माझे होते.

मी विचारले, "या तुमच्या बाई कोण?"

ती फळा पुसत होती. पाठ माझ्याकडे. "होत्या एक साताऱ्याला. मी समोर उभी राहून बोलले तरी आता ओळखायच्या नाहीत."

"आणि चोरवाटेला इंग्रजीत काय म्हणता?"

"थीफ रोड!" केरबा मोठ्याने म्हणाला.

तिने कपाळाला हात लावला. हाताची हळद कपाळाला लागली. "शंभरदा सांगितलं, हिडन पाथ म्हणा. ह्यांनी परीक्षेतसुद्धा थीफ रोडच लिहून ठेवलं असणार. परीक्षक हसला असेल."

"तुम्हीही बसला होता परीक्षेला?"

"बसले. नऊ वर्षांनी."

निघताना तिने नाव सांगितले. अंजना बनसोडे, आष्ट्याची. बोळाच्या तोंडापर्यंत पोचवायला आली आणि म्हणाली, "भाचीला आणा, बाई. आम्ही कुणाला परत पाठवत नाही."

८ मे, सातारा

परत आले. चिंतामणने विचारले, चोर सापडले का. मी म्हणाले, डोके दुखते आहे.

९ मे

बनसोडे. हे नाव मी लिहिलेले आहे, हे हाताला आठवत होते. जुन्या वह्यांची पेटी काढली.

१४ मार्च १९५८: 'बनसोडे नावाच्या मुलीने पेपरात माझी वाक्ये जशीच्या तशी उतरवली आहेत. टिपणे वर्गात दिलेली नव्हती, म्हणजे माझ्या टेबलातून घेतली. प्राचार्यांना कळवले. तिला विचारण्याची गरज वाटली नाही.'

एवढेच. पुढे १६ मार्चला मी दाढदुखीवर दीड पान लिहिले आहे.

तिला दोन वर्षे बंदी झाली होती. ती वसतिगृह सोडून गेली, असे कोणीतरी सांगितले होते. मी ते लिहून ठेवले नाही.

१० मे

मी जात पाहिली नव्हती. हे स्पष्ट लिहून ठेवते. मी वाक्ये पाहिली. कोणताही कर्तव्यदक्ष शिक्षक हेच करील. ऐकलेले व्याख्यान कोणी शब्दशः लक्षात ठेवू शकेल असे मला वाटले नाही, आणि न वाटणे हा गुन्हा नाही.

संध्याकाळी

त्याच पानाच्या वरच्या अर्ध्यात, ११ मार्चची नोंद आहे: 'देवस्थळींच्या मुलीने माझे शब्द जसेच्या तसे लिहिले. स्मरणशक्ती उत्तम. शाबासकी दिली.'

हे पान मी तीनदा वाचले. मग पेटी बंद केली. मग पुन्हा उघडली.

१२ मे

दोन दिवस वहीला हात लावला नव्हता. आज पाहिली तर ती मी ठेवली होती तिथेच होती. याचाही राग आला.

चिंतामणला म्हणाले, "त्या दिवशी तू काय सांगत होतास? चोरवाटेबद्दल?"

"हेच, की तो शब्द तुझा. कॉलेजातून आलीस की स्वयंपाकघरात मोठ्याने उद्याचे व्याख्यान म्हणायचीस. सरळ, सरळ, मग चोरवाट. मला गणित येत नाही, पण ते पाठ आहे."

"मग सांगितले का नाहीस?"

"अक्का, तुला सांगायला कुठल्या बाजूने यायचे, ते मला पन्नास वर्षांत समजलेले नाही. बाबांनी तुझे नाव क्षमा ठेवले, तेवढा एक विनोद त्यांनी आयुष्यात केला."

"तू माझी वही वाचतोस."

"गव्हाच्या डब्यातून गहू काढतो. डबा सरकतो."

हे मला सुचायला हवे होते.

१३ मे

पाकिटातला अहवाल फाडला. त्याच्या जागी हे लिहिले: 'सहाही उत्तरपत्रिकांत आक्षेपार्ह काही नाही. ज्या शब्दप्रयोगावरून मी संशय घेतला तो मूळ माझा स्वतःचा आहे. तो उमेदवारांपर्यंत रीतसर, शिकवण्यातून पोचला आहे.'

४१७ला चौथ्या प्रश्नाचे दहापैकी दहा. इतर पाचांचा इंग्रजीसाठी अर्धा अर्धा गुण कापला. तासाभराने परत दिला. गणिताच्या पेपरात इंग्रजीचे गुण कापण्याचा मला अधिकार नाही. आणि शब्द कोणाचा होता?

मग दुसरे पत्र लिहायला बसले. १९५८ सालचे. तीन कच्चे खर्डे झाले. पहिल्यात 'गैरसमज' होता, दुसऱ्यात 'त्या वेळच्या परिस्थितीत'. तिसऱ्यात लिहिले: 'कुमारी अंजना धोंडिराम बनसोडे यांच्यावरचा आरोप मी त्यांना न विचारता केला. तो निश्चित खोटा होता. नोंद दुरुस्त करावी. ती दुरुस्त होऊ शकत नसेल तर हे पत्र त्या नोंदीला जोडावे.' तो अधिकारी हसेल. या वेळी 'निश्चित'खाली रेघ मी मारली आहे. त्याची एक प्रत तिच्या नावाने सांगलीला.

गुणपत्रक आणि पत्रे घेऊन हमरस्त्याने पोस्टात गेले. रंगुबाई दारात शेण सारवत होती. "आवं बाई, आज गोठ्यामागनं न्हाई? म्हशीवर रुसला व्हय?"

"नाही गं. आज लपवण्यासारखे काही नाही."

"मग एवढं तोंड कशाला पाडलंया?" ती म्हणाली.

प्रतीवर पत्ता लिहिला होता, पण आत माझ्याकडून तिला एक ओळही नव्हती. पोस्टाच्या टेबलाशी उभी राहून लिहावी म्हटले. काय लिहायचे? की सांगलीला आलेली ती बाई मी होते, भाची वगैरे काही नाही, तुम्ही मला ओळखले नाही म्हणून... इथे पेन थांबले.

उजव्या कानाचे मी कोणाला सांगत नाही. पण कॉलेजात मुली शंका विचारायला नेहमी माझ्या डाव्या बाजूला येऊन उभ्या राहत. मी ती वर्गाची शिस्त समजत होते.

केरबाने खुर्ची दाराशी मांडली होती. तिथे बसले असते तर उजवा कान फळ्याकडे आला असता. तिने ती उचलून पलीकडे नेली, तेव्हा मी अजून तोंडही उघडले नव्हते.